विश्लेषण : साथीत खरोखर किती जण दगावले, हे कसे मोजतात? ‘अतिरिक्त मृत्यूं’चा हिशेब मांडणारे डॉ. विल्यम फार

करोनाच्या साथीत २०२१ अखेरपर्यंत भारतात ४ लाख ८१ हजार जणांचा मृत्यू झाला, असे सरकारी आकडेवारी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजात हाच आकडा सुमारे ४७ लाख होता. केंद्र सरकारने तो अंदाज आणि त्यामागची पद्धत दोन्ही नाकारले. जवळपास दहापटीचा हा फरक पडला, कारण दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टी मोजत होत्या. पहिला आकडा ‘करोना’ असे कारण नोंदवलेल्या मृत्यूंचा. दुसरा, नेहमीपेक्षा जास्त झालेल्या सगळ्याच मृत्यूंचा. हा दुसरा हिशेब सरकारी कामकाजात रुजवला तो एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या एका कचेरीत बसणाऱ्या डॉ. विल्यम फार यांनी. आजारांच्या नोंदी, साथींचे आलेख, ‘दर हजारी मृत्यू’ अशी जी भाषा करोनाकाळात घरोघरी पोहोचली, तिच्यातील बराच भाग त्यांच्या टेबलावरून आला आहे.

‘अतिरिक्त मृत्यू’ म्हणजे काय?

कल्पना साधी आहे. एखाद्या शहरात डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दरवर्षी साधारण हजार माणसे मरण पावतात आणि साथीच्या वर्षी त्याच आठवड्यात दोन हजार मरण पावली, तर वरचे हजार मृत्यू ‘अतिरिक्त’. दाखल्यावर न्यूमोनिया, दमा, हृदयविकार, म्हातारपण असे काहीही लिहिलेले असो. साथ नसती तर त्यातील बहुतेक माणसे त्या आठवड्यात गेली नसती. साथीच्या रोगाने थेट मेलेले यात येतात, तसेच खाट न मिळाल्याने गेलेले इतर आजारांचे रुग्णही येतात. उलट, टाळेबंदीत रस्त्यावरचे अपघात कमी झाले तर तेवढी वजाबाकीही आपोआप होते.

मात्र त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. झालेल्या प्रत्येक मृत्यूची नोंद आणि ‘नेहमी’ म्हणजे नेमके किती हे सांगणारी मागच्या काही वर्षांची आकडेवारी. १८३७ पूर्वी इंग्लंडमध्ये देशपातळीवर असे काही नव्हते. चर्चमध्ये दफनाच्या नोंदी असत, पण त्या आपापल्या धर्मपंथापुरत्या.

शेतमजुराच्या घरातून सरकारी कचेरीत

विल्यम फार यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८०७ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील केन्ली या खेड्यात झाला. घर शेतमजुराचे. जवळच्या डोरिंग्टन गावातील जोसेफ प्राइस या जमीनदाराने त्यांना लहानपणीच आपल्याकडे वाढवायला घेतले. हा योग आला नसता तर त्यांच्या हाती पुस्तक लागले असते की नांगर, हे सांगायला नको. एकोणिसाव्या वर्षी ते श्रूजबरीच्या रुग्णालयात मलमपट्टी करणारे मदतनीस म्हणून उमेदवारी करू लागले. १८२८ मध्ये प्राइस वारले आणि जाताना त्यांच्या नावे ५०० पौंड ठेवून गेले. त्या पैशांवर फार यांनी पॅरिस गाठले.

त्या काळात पॅरिसमध्ये प्येर लुई हे डॉक्टर रुग्णांवरील उपचार आकड्यांनी तपासत होते. रक्त काढल्याने न्यूमोनियाचे किती रुग्ण बरे होतात आणि किती दगावतात, हे मोजायचे आणि मग बोलायचे, अशी त्यांची रीत. वैद्यकात मोजणीला स्थान आहे, ही गोष्ट फार यांच्या डोक्यात तिथे पक्की झाली. परत आल्यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात थोडे शिक्षण, १८३२ मध्ये अपोथेकरी सोसायटीचा परवाना आणि मग लंडनमध्ये दवाखाना. परीक्षा देऊन मिळवलेली त्यांची वैद्यकीय पात्रता एवढीच. दवाखाना काही चालला नाही. ते वैद्यकीय नियतकालिकांत लिहून घर चालवत. १८३३ मध्ये लग्न झाले आणि चारच वर्षांत, १८३७ मध्ये, पत्नी क्षयाने गेली.

त्याच वर्षी १ जुलैपासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूंची सरकारी नोंदणी सुरू झाली. निबंधकाच्या दाखल्याशिवाय दफन होणे अवघड झाले आणि त्यामुळे मृत्यूंची नोंद अल्पावधीत बरीच पूर्ण होऊ लागली. लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये महानिबंधकांची कचेरी थाटली गेली. गठ्ठ्यांनी येणाऱ्या या नोंदींतून तक्ते काढण्यासाठी माणूस हवा होता. १८३९ मध्ये फार तिथे संकलक म्हणून रुजू झाले आणि पुढची चार दशके तिथेच राहिले. महानिबंधक हे पद त्यांना कधीच मिळाले नाही. वार्षिक अहवालाला महानिबंधकांच्या नावे लिहिलेले पत्र जोडायचे, एवढाच त्यांचा अधिकार. पण लोक अहवाल उघडत ते ते पत्र वाचण्यासाठी.

६३ भूकबळी आणि पहिला खटका

पहिल्याच अहवालात वाद झाला. १८३७ च्या उत्तरार्धातील सुमारे दीड लाख मृत्यूंपैकी ६३ मृत्यूंचे कारण फार यांनी ‘उपासमार’ असे दाखवले. आकडा किरकोळ दिसतो. पण फार यांनी त्यावर टिप्पणी केली होती की भूक क्वचितच एकटी मारते. ती आधी माणसाला खंगवते आणि मग ताप, हगवण किंवा छातीचा विकार त्याला नेतो. नोंदवहीत शेवटचा आजार तेवढा उरतो. म्हणजे ६३ ही संख्या तळाची, खरी संख्या तिच्यापेक्षा कितीतरी मोठी.

सरकारसाठी हे झोंबणारे होते. १८३४ च्या नव्या गरीब कायद्याने घरपोच मदत आखडती घेऊन गरिबांना ‘वर्कहाउस’ नावाच्या श्रमगृहांत ढकलले होते आणि त्या व्यवस्थेचे सचिव होते एडविन चॅडविक. इंग्लंडमध्ये कोणी उपाशी मरते, हेच त्यांना मान्य नव्हते. प्रत्येक प्रकरण तपासले तर कारण दुसरेच निघेल, असा त्यांचा पवित्रा. दोघांमध्ये लेखी वाद रंगला. मेळघाटातील बालमृत्यूंच्या वेळी ‘भूकबळी की आजार’ हा खल ज्यांनी ऐकला आहे, त्यांना यातील एकही युक्तिवाद नवा वाटणार नाही.

गंमत अशी की चॅडविक हे काही खलनायक नव्हेत. सांडपाणी आणि स्वच्छतेच्या सुधारणांसाठी इंग्लंड त्यांचे ऋणी आहे आणि त्या सुधारणांसाठी त्यांनी वापरलेले आकडे बऱ्याचदा याच कचेरीतून आलेले असत. घाणीमुळे झालेले मृत्यू मोजायला त्यांची हरकत नव्हती. धोरणामुळे झालेले मोजायला होती.

या वादातून फार यांना एक गोष्ट उमगली असावी. कारणाच्या रकान्यावर कितीही भांडता येते, एकूण संख्येवर तितके नाही.

१८४७ चा हिवाळा

१८४७ च्या नोव्हेंबर अखेरीस लंडनमध्ये इन्फ्लुएंझाची साथ पसरली. तोवर या रोगाची कुणी विशेष दखल घेत नसे. सर्दी, अंगदुखी, ताप, चार दिवस अंथरूण. पटकीसारखी दहशत त्यात नव्हती. पण फार यांच्याकडे १८४० पासून लंडनचा साप्ताहिक तक्ता होता. शहरातील प्रत्येक निबंधकाकडून दर आठवड्याला मृत्यूंची यादी यायची आणि पुढच्या आठवड्यात ती वय, कारण आणि विभागानुसार छापून बाहेर पडायची.

डिसेंबरच्या सुरुवातीला या तक्त्यातील एकूण आकडा एका आठवड्यात २,४०० च्या वर गेला. त्या दिवसांत नेहमी हजाराच्या आसपास असायचा. मृत्यू दुपटीहून अधिक झाले होते. इन्फ्लुएंझाच्या रकान्यात मात्र त्याचा छोटासा हिस्सा होता. बाकीचे गेले कुठे? फार यांनी रकाना रकाना उलगडून पाहिले. श्वासनलिकेचा दाह, न्यूमोनिया, दमा, डांग्या खोकला, क्षय, वृद्धापकाळ, सगळीकडे एकाच वेळी उसळी होती. इतके वेगवेगळे रोग ठरवून एकाच आठवड्यात बळावत नाहीत. म्हणजे एकच साथ अनेक नावांखाली लपली होती.

इथे एक अडचण होती. हिवाळ्यात मृत्यू तसेही वाढतात. त्यामुळे वाढ थंडीची की साथीची, हे वेगळे करायला हवे. फार यांनी तुलना वर्षाच्या सरासरीशी न करता त्या ऋतूत एरवी किती मृत्यू होतात याच्याशी केली. उरलेली वाढ साथीच्या नावावर मांडली. सहा आठवड्यांत, ऋतूमानाप्रमाणे अपेक्षित मृत्यूंपेक्षा सुमारे ५,००० अधिक. कुणी ज्याला रोग मानत नव्हते, त्या सर्दी-तापाने लंडनमध्ये पाच हजार माणसे नेली होती.

आज अमेरिकेपासून युरोपपर्यंत फ्लूचे बळी याच रीतीने मोजतात. गणित पुढे गेले आहे, संगणक आले आहेत, पण पाया तोच.

अर्थात ही युक्ती अगदी पहिल्यांदा सुचली ती त्यांना नाही. जॉन ग्रांट या लंडनच्या कापडव्यापाऱ्याने १६६२ मध्ये शहराच्या जुन्या मृत्युयाद्या चाळल्या होत्या. १६२५ च्या प्लेगात सुमारे ३५ हजार मृत्यू प्लेगच्या नावावर होते. मात्र त्याच वर्षी ‘इतर कारणां’चे मृत्यूही एरवीच्या सात-आठ हजारांवरून अठरा हजारांपलीकडे गेलेले. वरचे अकरा हजार मृत्यू प्लेगचेच, असा निष्कर्ष ग्रांटने काढला. घरात प्लेग निघाला की दारावर खूण करून सगळ्या कुटुंबाला आत कोंडत. अशा वेळी मृत्यूचे कारण तपासायला येणाऱ्या गरीब म्हाताऱ्यांना चार पैसे देऊन दुसरे नाव लिहून घेणे लोकांना परवडे. लपवाछपवी सरकारच करते असे नाही. भीतीपोटी माणसेही करतात. करोनाच्या पहिल्या लाटेत वाळीत पडण्याच्या धास्तीने चाचणी टाळणारी घरे आपणही पाहिली आहेत.

ग्रांटने तीस-चाळीस वर्षांनंतर मागे वळून हिशेब केला होता. फार तो साथ चालू असताना करत होते. फरक तिथे आहे.

एकाच देशात कुठे ४५, कुठे २६

साथ नसतानाही ‘अतिरिक्त’ मृत्यू होत असतात, हे फार यांचे त्याहून मोठे म्हणणे. १८४१ च्या जनगणनेच्या आधारे त्यांनी आयुर्मानाचे तक्ते केले. ग्रामीण सरे परगण्यात जन्मलेल्या बाळाचे सरासरी आयुर्मान ४५ वर्षे निघाले, लंडनमध्ये ३७ आणि लिव्हरपूल या बंदराच्या शहरात २६. एकच राणी, एकच कायदा, आणि आयुष्यात १९ वर्षांची तफावत. त्या २६ वर्षांचा अर्थ लोक विशीत मरत असा नव्हे. पाच वर्षे ओलांडण्याआधीच जाणाऱ्या मुलांमुळे सरासरी खाली यायची.

गरीब माणसे जात्याच अशक्त असतात, शहर म्हटले की असे चालायचेच, हा त्यावरचा ठरलेला प्रतिवाद. फार यांनी देशातले ६३ जिल्हे वेगळे काढले, जिथे मृत्युदर हजारी १७ किंवा त्याहून कमी होता. हे काही स्वर्ग नव्हते. तिथेही गरिबी होती, अस्वच्छता होती. तरीही जर १७ वर भागत असेल तर तीच किमान अपेक्षा धरायची आणि त्यावरचा प्रत्येक मृत्यू टाळता येण्याजोगा मानायचा. एखाद्या शहरात हजारी ३० मृत्यू होत असतील तर १३ चा जाब नगरपालिकेने द्यायचा. या ‘निरोगी जिल्ह्यां’चा तक्ता त्यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध केला. जिल्ह्यांची अशी क्रमवारी लागल्यावर स्थानिक पुढारी खवळणारच. पण १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातही मृत्युदर हजारी २३ च्या वर गेला तर केंद्रीय मंडळाला हस्तक्षेप करता येईल, अशी तरतूद होती. आकड्याला कायद्याचे दात फुटले होते.

पटकीने शिकवलेला धडा

सगळेच त्यांना बरोबर दिसले असे नाही. १८४८-४९ च्या पटकीत (कॉलरा) इंग्लंड-वेल्समध्ये ५३ हजारांवर माणसे दगावली, त्यात लंडनची सुमारे १४ हजार. फार यांनी शेकडो पानांचा अहवाल लिहिला. त्यात त्यांना एक देखणे सूत्र सापडले. थेम्स नदीच्या पातळीलगतच्या वस्त्यांत दर दहा हजारी शंभरावर मृत्यू, आणि जसजसे उंचावर जावे तसतसे कमी होत टेकडीवर दहाच्या आत. नदीकाठच्या कुबट, दूषित हवेने पटकी होते, या तेव्हाच्या प्रचलित मताला हे सूत्र चपखल बसले. आकडे अचूक होते, त्यांचा अर्थ चुकला. सखल भागातले लोक नदीच्या घाण झालेल्या पट्ट्यातले पाणी पीत होते.

पटकी पाण्यातून येते, हे डॉ. जॉन स्नो सांगत होते. फार यांना ते पटले नव्हते. पण त्यांनी स्नो यांच्यापुढे दार बंद केले नाही. १८५४ च्या साथीत त्यांनी मृतांचे पत्ते स्नो यांना दिले आणि दक्षिण लंडनच्या निबंधकांना, पटकीने मृत्यू झालेल्या घरात कोणत्या कंपनीचे पाणी येते हेही नोंदवायला सांगितले. दोन कंपन्या एकाच रस्त्यावर पाणी पुरवत. एक शहरातील गटारे मिळतात तिथून, दुसरी वरच्या स्वच्छ पात्रातून. पहिलीच्या गिऱ्हाइकांत मृत्यू कितीतरी पटींनी जास्त निघाले. स्नो १८५८ मध्ये वारले, तोवर वैद्यकीय जगताने त्यांचे म्हणणे मानलेले नव्हते.

१८६६ मध्ये पटकी पुन्हा आली. या वेळी साप्ताहिक तक्त्यात फार यांना दिसले की मृत्यू पूर्व लंडनमध्येच एकवटले आहेत, आणि तो भाग ईस्ट लंडन वॉटर कंपनीच्या पुरवठ्याच्या हद्दीशी जुळतो. कंपनीने न गाळलेले पाणी दिल्याचा साफ इन्कार केला. त्यानंतर गिऱ्हाइकांच्या नळांत बाम मासे सापडल्याची माहिती पुढे आली. गाळलेल्या पाण्यात मासा येत नाही. पूर्व लंडनमध्ये पाच हजारांवर माणसे गेली होती. फार यांच्या अहवालात हवेच्या सिद्धान्ताची टिंगल आहे आणि कंपनीच्या बचावाचीही. स्वतः पंधरा वर्षे मानलेले मत त्यांनी आकड्यांपुढे सोडून दिले.

नाइटिंगेल, बराकी आणि हिंदुस्थान

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना आपण दिवा घेतलेली परिचारिका म्हणून ओळखतो. १८५६ मध्ये क्रिमियाच्या युद्धावरून परतल्यावर त्यांची फार यांच्याशी गाठ पडली आणि पुढे वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालला. क्रिमियात मेलेल्या ब्रिटिश सैनिकांपैकी बहुतेक गोळीने नव्हे, तर इस्पितळातील आणि छावणीतील रोगांनी मेले होते. फार यांनी तक्ते तपासून दिले. त्यातून निघालेली वर्तुळाकार आकृती आजही संख्याशास्त्राच्या वर्गात दाखवतात. फार यांना मात्र आकड्यांना सजावट नको वाटे. युद्ध संपल्यावरही बराकीतील धडधाकट जवान त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळपास दुप्पट दराने मरत होते, हे दोघांनी दाखवले.

हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये राजआयोग नेमला गेला, त्यात फार सदस्य होते. इथे तैनात ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर वर्षाला हजारी ६९ निघाला. लढाईत मेलेले त्यात थोडेच, बाकी ताप, हगवण, पटकी, यकृताचे विकार. आयोगाच्या १८६३ च्या अहवालानंतर मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांत स्वच्छता आयोग स्थापन झाले. गोऱ्या सैनिकाच्या काळजीतून सुरू झालेले हे काम इथल्या रयतेपर्यंत उशिरा आणि अर्धवट पोहोचले. तरीही प्रांताप्रांतांत मृत्यूंच्या नोंदी घ्यायला याच दशकात सुरुवात झाली.

दाखल्यावरचे कारण

रोगांची नावे हा फार यांचा जुना वैताग. एकाच आजाराला तीन-चार नावे, एकाच नावाखाली तीन-चार आजार, आणि काही ठिकाणी आजाराऐवजी नुसते लक्षण. अशा नोंदींची एका जिल्ह्याची दुसऱ्याशी तुलना होणार कशी? १८५३ च्या ब्रुसेल्स परिषदेने त्यांच्यावर आणि जिनिव्हाच्या मार्क देस्पिन यांच्यावर सर्व देशांना चालेल अशी मृत्युकारणांची यादी करण्याचे काम सोपवले. आज करोनासह प्रत्येक आजाराला जो आंतरराष्ट्रीय संकेतांक मिळतो, त्या ‘आयसीडी’ची मुळे या यादीत आहेत. डॉक्टरने कारण लिहून देणे इंग्लंडमध्ये सक्तीचे व्हायला मात्र १८७४ चा कायदा यावा लागला.

याच काळात त्यांनी आयुर्मानाच्या तक्त्यासाठी चक्क गणनयंत्र वापरले. स्वीडनच्या शॉइट्झ पितापुत्रांनी बनवलेल्या यंत्राची प्रत कचेरीने घेतली आणि १८६४ च्या तक्त्याचा काही भाग तिच्यावर निघाला. यंत्र लहरी होते, सतत लक्ष द्यावे लागे. पण सरकारी कामासाठी यंत्राने आकडेमोड करून घेण्याचा तो फार जुना दाखला आहे.

१८७९ मध्ये महानिबंधक जॉर्ज ग्रॅहम निवृत्त झाले. चाळीस वर्षे कचेरी ज्यांच्या जिवावर चालली त्यांना ते पद मिळेल, अशी अपेक्षा होती. नेमणूक झाली ती सर ब्रिजेस हेनिकर या सरदाराची. फार यांनी राजीनामा दिला. १४ एप्रिल १८८३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. अहवालांना जोडलेली त्यांची पत्रे दोन वर्षांनी एका जाडजूड ग्रंथात एकत्र छापली गेली.

भारतात हा हिशेब कुठे अडतो?

१९१८ च्या इन्फ्लुएंझात फार यांची पद्धत इथे वापरावी लागली. नोंदवहीत बहुतेक मृत्यू ‘ताप’ या एकाच रकान्यात होते, म्हणून मागच्या वर्षांपेक्षा तापाचे मृत्यू किती वाढले ते पाहून अंदाज बांधला गेला. सुरुवातीचा सरकारी अंदाज साठ लाखांच्या आसपास होता. १९२१ ची जनगणना झाल्यावर तो एक कोटीच्या वर गेला आणि अभ्यासकांनी पुढे १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत आकडे मांडले. साथ इतकी तीव्र होती की गावोगावी नोंदी ठेवणारी माणसेच अंथरुणाला खिळली होती. एकूण मोजणीच कोसळली की अतिरिक्त मृत्यूंचा हिशेबही हातातून निसटतो.

भारतात जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे, पण राज्याराज्यांत नोंदणीचे प्रमाण सारखे नाही. शिवाय २०२० मध्ये नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम साडेबावीस टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. म्हणजे चारपैकी तीनहून अधिक मृत्यूंत कारणाचा रकाना पाहून करोना शोधणे शक्यच नाही.

करोनाचे सर्वाधिक अधिकृत मृत्यू महाराष्ट्राच्या नावावर आहेत, सुमारे १ लाख ४८ हजार. त्याचा एक भाग साथीच्या तीव्रतेचा, पण एक भाग मोजणीचाही आहे. जून २०२० मध्ये राज्याने जुन्या नोंदींचा ताळमेळ घातला आणि एका दिवसात १,३२८ मृत्यू यादीत वाढवले, त्यातील ८६२ एकट्या मुंबईतील. तेव्हा टीका झाली. पण जे राज्य उशिरा का होईना मोजते, त्याचा आकडा फुगलेला दिसतो आणि जे मोजत नाही त्याचा गोंडस, हा पेच लिव्हरपूल आणि सरेच्या काळापासूनचा आहे.

देशात २०१९ मध्ये ७६ लाख ४० हजार मृत्यूंची नोंद झाली होती, २०२० मध्ये ८१ लाख २० हजारांची. २०२१ मध्ये हा आकडा १ कोटी २ लाखांवर गेला, म्हणजे एका वर्षात सुमारे २१ लाखांची वाढ. त्या वर्षी करोनाचे म्हणून नोंदवलेले मृत्यू साधारण ३ लाख ३० हजार होते. वाढीचा काही भाग नोंदणी सुधारल्याचा असू शकतो, आणि सरकारी बाजूने तो मुद्दा मांडलाही जातो. पण सगळी राज्ये सारखी वाढलेली नाहीत. केरळसारख्या राज्यात अधिकृत आकडा आणि वाढ यांतले अंतर कमी आहे, तर गुजरात आणि मध्य प्रदेशात ते कितीतरी पटींचे आहे.

१८४७ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या वाचकाला मागच्या आठवड्याचे मृत्यू या आठवड्यात छापून मिळत होते. भारतातील २०२१ च्या मृत्यूनोंदणीचा अहवाल प्रसिद्ध झाला तो मे २०२५ मध्ये.